या शब्दासाठी मदत उपलब्ध नाही

पडद्यावर शब्द उमटला: कडी.

नाजिमानं तोंडापाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला. तिच्या कंपनीनं पतसंस्थांच्या कारकुनांसाठी छोटे छोटे प्रोग्रॅम बनवले होते. त्यांत बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. अडलं तर 'मदत' असं लिहून पुढे आज्ञेचं नाव द्यायचं, की माहिती तिथल्या तिथं उमटते. ती माहिती नाजिमा लिहीत होती. कोणी माहिती नसलेला शब्द विचारला, तर तो आपोआप तिच्या पडद्यावर येऊन पडायचा, म्हणजे तिनं त्याचं बघावं.

पण कडी नावाची आज्ञाच नव्हती. आणि अजून चाचणीच चालू होती. एकाही कारकुनानं हा पडदा पाहिलेला नव्हता. वापरणारी माणसं दोनच, घरून काम करणारी ती आणि ऑफिसात बसलेला तिचा सहकारी आमोद.

'आज्ञा नाही' असा शेरा मारून तिनं शब्द काढून टाकला आणि सवयीनं आतल्या खोलीत डोकावून आली. अलिझा गादीवर पालथी झोपली होती. चारी बाजूंना उशा. दोन वर्षांची पोर, नुकतीच जिथंतिथं चढायला शिकलेली. नाजिमानं तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघितलं. तिचा नवरा इम्तियाज तिला यावरून हसायचा. हसू दे.

परत येते तर पडद्यावर पुन्हा कडी. आणि तिच्याखाली: बादली.

तिनं आमोदला फोन लावला.

"काय चेष्टा चालवलीयस?"

"मी जेवतोय. डब्यात दोडका आहे. चेष्टा सुचण्यासारखी परिस्थिती नाही."

"मग हे शब्द कोण विचारतंय?"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. "तुझ्याच मशीनवरून येतायत, नाजिमा. तूच टाइप करतेयस."

"माझ्या एका हातात फोन आहे, दुसऱ्यात कप."

"मग कीबोर्ड बिघडला असेल. काढून टाक ते शब्द आणि पुढचं लिहायला घे, सोमवारी द्यायचंय. भरदुपारी पुण्यात माणसं काम करत नाहीत, भुतं कशाला करतील?"

नाजिमाला हसू आलं. हसता हसताच तिचं लक्ष कीबोर्डकडे गेलं. कळा जागच्या हलत नव्हत्या, आणि पडद्यावर एकेक अक्षर येत होतं. चुकत होतं, खोडलं जात होतं, पुन्हा येत होतं. घाबरलेला माणूस लिहितो तसं.

कठडा.

फोन टेबलावर तसाच टाकून ती उठली.

उशा जागच्या जागी होत्या. गादी रिकामी होती.

सकाळी कपडे वाळत घालून येताना तिनं त्या खोलीतून गॅलरीत जाणारं दार नुसतं लोटून घेतलं होतं. आता ते उघडं होतं. पालथी घातलेली बादली पार कठड्यापर्यंत सरकली होती, आणि तिच्यावर अलिझा उभी होती. पोट कठड्यावर, एक पाय हवेत. सात मजले खाली वाघोलीचा रस्ता ट्रकांनी तुंबलेला.

हाक घशापर्यंत आली होती. नाजिमानं ती गिळली. पोर दचकली असती. अनवाणी पावलं टाकत ती मागून गेली आणि पोरीच्या कमरेत हात घालून तिनं तिला उचलून घेतलं.

"अम्मी, चिऊ," अलिझा खाली बोट दाखवत म्हणाली.

दार बंद केलं. कडी घातली. ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग पोरीला काखेत धरूनच ती टेबलाशी येऊन बसली. फोनमधून आमोद विचारत होता, "हॅलो? गेलीस का काय?" तिनं फोन बंद केला.

तिन्ही शब्द तिथंच होते. आपल्या मशीनवरून विचारलेले, पण आपण न विचारलेले. कोणीतरी कुठंतरी अशाच दाराशी उभं होतं, आणि त्याला काय करायचं ते कळत नव्हतं. नाजिमानं मोकळ्या हातानं लिहायला घेतलं. हात सवयीचा होता, भाषा आपोआप कामाची झाली.

'कडी: गॅलरीच्या दाराची वरची कडी नेहमी लावावी. बादली, स्टूल आत ठेवावीत. मूल कठड्यापाशी दिसल्यास हाक मारू नये, पाठीमागून जावे.'

तिनं नोंद साठवली. प्रत्येक नोंदीखाली प्रोग्रॅम स्वतःहून प्रश्न विचारतो: उपयोग झाला का? हो की नाही?

बराच वेळ काही झालं नाही. अलिझा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून अंगठा चोखत होती. मग प्रश्नापुढे उत्तर उमटलं.

नाही.

आणि त्याच्याखाली पुन्हा अक्षरं येऊ लागली, आता आधीपेक्षा घाईनं, न खोडता, एकाला एक चिकटून: कठडा कठडा कठडा.

नाजिमानं पोरीला छातीशी आवळलं. तिकडचं मूल अजून कठड्यावरच होतं. आपण लिहिलेलं सगळं एका हातानं पुसलं आणि त्या जागी लिहिलं:

'आधी मूल उचला. बाकीचं नंतर वाचा.'