नवा कॅमशाफ्ट

आरमोरीच्या मुखरूनं छप्पन सालच्या नागपूरच्या मोटारशर्यतीसाठी आपल्या गाडीत इंजिनाच्या झडपा उघडणारा नवा, शर्यतीचा कॅमशाफ्ट आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवल्या. गाडी सुसाट धावली, तो जिंकलाही. त्याच उन्हाळ्यात माहेरी बाळंतपणाला आलेली त्याची बहीण वच्छला अडली. तिला घेऊन तो ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे निघाला. वैनगंगेच्या रेतीत गाडी सावकाश काढावी लागे, पण नव्या कॅमशाफ्टमुळं वेग कमी केला की इंजिन बंद पडे. “भाऊ, काऊन थांबली?” वच्छलानं विचारलं. “गाडी आता हळू चालतच नाई, बाई. मीच तशी करून ठेवली.” बैलगाडी मिळेपर्यंत उशीर झाला. वच्छला वाचली, मूल गेलं. मुखरूनं जुना कॅमशाफ्ट परत बसवला. वच्छलानं त्याला कधी बोल लावला नाही. पण नदी आली की ती उतरून रेतीतून पायी चालायची, आणि तो रिकामी गाडी तिच्या मागं हळूहळू न्यायचा.