तक्रारीचा नंबर

लंकाबाई गेली तेव्हा सावळीराम भाडं घेऊन त्र्यंबकच्या रस्त्यावर होता. मागे बसलेला माणूस म्हणाला, गाडी फार पळवताय, मी तक्रार करतो. त्याने समोरच्या पाटीवरचा तक्रारीचा नंबर लावला, दोनदा लावला आणि वैतागला. "तुमच्या ऑफिसात फोन कुणी उचलत नाही."

सावळीरामने गाडी कडेला घेतली. तो नंबर त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा होता आणि तिने तो कधी उचलला नाही असं झालं नव्हतं. त्याने शेजारच्या मोहिनीला फोन करून घरात बघायला सांगितलं. मोहिनीचा परत फोन आला तेव्हा ती नुसती रडत होती.

चार महिन्यांनी गाडी पासिंगला लागली. तपासायला आरटीओच्या तेजस्विनी मॅडम होत्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, ड्रायव्हरचा बॅज पाहिला, मदतीचं लाल बटण दाबलं, वेग अडवणारं यंत्र तपासलं.

"ऐंशीला बरोबर अडतंय."

"आमची मंडळी साठलाच अडवायची," सावळीराम म्हणाला.

मग त्यांनी पाटीवरचा नंबर लावून बघितला. सावळीरामच्या खिशातला जुना, बटणांचा फोन वाजू लागला.

"काका, हा कुणाचा नंबर?"

त्याने खरं ते सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी पाटी रंगवताना पुंजा पेंटरने विचारलं होतं, तक्रार कुठे करायची? त्याची तक्रार ऐकणारं माणूस त्याला एकच ठाऊक होतं. लोक फोन करायचे. लंकाबाई सगळं विचारून घ्यायची, कुठल्या वळणावर, किती वेगात, आणि माफी मागायची. संध्याकाळी गाडीची चावी काढून घ्यायची आणि बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायची. दुसरा अख्खा दिवस गाडी दारात उभी.

मॅडम हसल्या. "म्हणजे लायसन सस्पेंड."

"एक दिवस. आन् अपिलाची सोय नाय."

"त्यांना घेऊन या एकदा. आमच्याकडे माणसं कमीच आहेत."

सावळीरामने खिशातला फोन बाहेर काढला. फोन अजून वाजत होता. तो तसाच हातात धरून उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि आपला कॉल बंद केला.

जरा वेळाने त्यांनी कागदावर लिहिलं : बाकी सर्व ठीक, तक्रार क्रमांक बदलणे. "तिथे आरटीओ ऑफिसचाच नंबर लागतो, काका. नियम आहे. आठ दिवसांत पाटी बदलून आणा, लगेच सही करते."

पुंजाने दोन दिवसांत नवी पाटी करून दिली.

काल सावळीराम घोटीला भाच्याकडे जाऊन आला. येताना रस्ता मोकळा होता, गाडीत तो एकटाच. काटा कधी पंचाहत्तरवर गेला, त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने वेग कमी केला. घरी येऊन चप्पल काढली, पिठाचा डबा उघडला आणि चावी कोपरापर्यंत हात घालून आत ठेवली.

आज मुदतीचा सातवा दिवस. गाडी दारात उभी आहे. नवी पाटी तिच्या डिकीत आहे. ती बसवायची राहिली आहे.