डावा मागचा दिवा

"म्हणजे दिवसभर मशीनवर?" चनमल्लप्पा मामांनी चुरमुऱ्यांच्या सुशीलाचा चमचा तोंडाजवळ तसाच धरून विचारलं.

"हो मामा. चिंचोळी एमआयडीसीत," दानेश्वरी म्हणाली.

मामांच्या कपाळाला आठी पडली. तिचे वडील तिप्पण्णा घाईघाईनं म्हणाले, "डिप्लोमा झालाय तिचा. सुपरवायझर आहे." पण मामांच्या डोळ्यांपुढं ऑइलनं माखलेले हात नाचायला लागले होते, ते काही थांबेनात. असली सून घरात?

घर त्यांचं नव्हे, बहिणीचं. पण मेहुणे गेल्यापासून तिथं मामांचा शब्द शेवटचा. मोडनिंबला त्यांची धान्याची आडत. भाचा गुरुशांत याच्यासाठी मुलगी पसंत करायची ती मामांनीच. आजवर एकीचं नाक, दुसरीचा काका आणि तिसरीचं सगळंच त्यांना खटकलं होतं. आणि प्रेमविवाह? नावच काढू नका! एका पुतण्यानं आपलं आपण जमवलं, तेव्हा मामा लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत आले. "तू असलं काही केलंस, तर मामा मेला म्हणून समज," असा गुरुशांतला त्यांनी सज्जड दम भरला होता.

गुरुशांत बिचारा खाली मान घालून बसला होता. मुलीकडं त्यानं धड पाहिलंसुद्धा नाही. पोराला वळण हाय, मामा मनात म्हणाले. जुळे सोलापुरातल्या त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांतून गाडी एकदाही न चुकता दारात आली होती. तेही मामांनी आपल्याच रस्ता सांगण्याच्या खात्यावर जमा केलं होतं.

"कळवतो," असं म्हणून मामा उठले.

'कळवतो'चा अर्थ मुलीच्या बापाला वेगळा सांगावा लागत नाही. तिप्पण्णांचा चेहरा उतरला. आणखी एक स्थळ गेलं.

बाहेर दिवेलागण झाली होती. गुरुशांतनं गाडी सुरू करून दिवे लावले.

"मामा, डावा मागचा दिवा लागत नाहीये," दारातून दानेश्वरी म्हणाली.

मामा मागं जाऊन वाकले. खरंच की! उजवा लालभडक आणि डावा ठार आंधळा.

"गाडी बघून आणता येत न्हाय व्हय रं? हायवेला मागनं ट्रक आला म्हंजी?"

"काल लागत होता, मामा," गुरुशांत पुटपुटला.

"रविवार आहे, गॅरेज बंद असणार. आजची रात्र इथंच मुक्काम करा की," तिप्पण्णा म्हणाले.

मामांना घाम फुटला. ज्या घरची मुलगी नापसंत करायची, त्याच घरची भाकरी खायची? यप्पा!

"पाच मिनिटांचं काम आहे. मी करते," दानेश्वरी म्हणाली आणि कोणी नको म्हणायच्या आत स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

इरकल साडीचा पदर खोचून तिनं डिकी उघडली. दोन स्क्रू काढले आणि दिव्याचा अख्खा लाल डबा अलगद ओढून बाहेर घेतला. त्याच्या पाठीमागचा होल्डर फिरवून काढला. बल्ब दाबला, फिरवला, सुटला.

"हे बघा मामा. आतली तार तुटलीय. काच पण काळी पडलीय."

मामांनी बल्ब उजेडाला धरून पाहिला. कळलं फारसं काही नाही, पण मान मात्र डोलावली.

दानेश्वरी आत जाऊन नवा बल्ब घेऊन आली.

"घरात गाडीचा बल्ब?" अंगणातल्या एकुलत्या एका स्कूटीकडं बघत मामांनी विचारलं.

"असावा म्हणून ठेवलाय."

कंपनीतली माणसं, असल्या वस्तू हाताशी असायच्याच, असा मामांनी स्वतःच खुलासा करून घेतला.

बल्ब बसला. ती मागं उभी राहिली आणि पहिल्यांदाच गुरुशांतशी बोलली. "ब्रेक दाबा."

"लागला का?"

"लागला!"

शेजारपाजारची माणसं गच्चीतून बघत होती. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. दानेश्वरीनं डबा जागेवर बसवला, स्क्रू आवळले आणि काळी झालेली बोटं बिनदिक्कत चिंधीला पुसली. मामा त्या बोटांकडं बघतच राहिले. मघाशी ज्यांची त्यांना शिसारी आली होती, तीच ही बोटं. आपला भाचा स्टेअरिंग धरून बसलाय आणि ही पोरगी रस्ता उजळून देतेय! मामांचा ऊर भरून आला.

"तिप्पण्णा, साखर आणा साखर! मुलगी पसंत!"

तिप्पण्णांना क्षणभर खरंच वाटेना. मग ते आत धावले ते साखरेचा डबाच उचलून घेऊन आले. मामांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, गच्चीतल्यांनाही खाली बोलावलं. दानेश्वरी पाया पडली तेव्हा मामांचे डोळे पाणावले होते.

परतीच्या वाटेवर मामांचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं.

"बघ रं, तुज्यावर सोडलं असतं तर असली पोरगी जन्मात गावली नसती. ह्याला नजर लागती, नजर!"

"व्हय मामा," गुरुशांत नम्रपणे म्हणाला.

"प्रेमबिम करणारी पोरं काय शोधत्यात? रंग! अन् मी काय शोधलं? गुण!"

"व्हय मामा."

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा गुरुशांतचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' आलं. गुरुशांतनं घाईनं हात पुढं केला, पण मामांनी तो बाजूला सारला. "तू गाडी बघ. आक्काला मीच सांगणार. मान माजा हाय!" त्यांनी हिरवं बटण सरकवून स्पीकर लावला, घसा खाकरला आणि तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडून बसव्वाआक्काचा हसरा आवाज आला.

"केली का रं मामानं पसंत? आपल्या दानूची युक्ती लागू पडली न्हवं? अन् सकाळी तू गाडीतनं काढलेला चांगला बल्ब कुटं ठिवू, सांग की!"