बऱ्या झालेल्या पायाची पूजा

"अहो, देवासमोर बूट? काढा आधी!" पाटावर बसायला निघालेल्या वामनरावांवर कुसुमताई ओरडल्या.

"डॉक्टरांनी बजावलंय. साखरेमुळे पाय बधिर झालाय, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका."

"डॉक्टर बसणार आहेत का पूजेला?"

मऊ बूट उंबऱ्याबाहेर गेले. पूजा खरं तर त्या पायासाठीच होती. तळव्याची जखम चिघळून पाय कापायची वेळ आली होती. मग वामनराव महिनाभर रोज दोन तास दवाखान्यातल्या काचेच्या बंद पेटीत जास्त दाबाचा ऑक्सिजन घेत पडून राहिले आणि जखम भरली. "आजोबा, पायाला नाक असतं का?" नात शर्वरीने तेव्हा विचारलं होतं. "श्वास नाकानेच घ्यायचा गं. रक्त तो पायापर्यंत पोचवतं," असं आजोबांनी समजावलं होतं.

ते तिला पटलं. मोठ्यांना नाही. "माझ्या अंगाऱ्याचा गुण," मेहुणे सांगत होते. "मी दिलेल्या पाल्याचा," शेजारीण म्हणत होती. ऑक्सिजनचं नाव कोणी काढलं नाही.

आरतीनंतर वामनराव पाय पसरून टेकले. एकेक जण डोळे मिटून त्यांच्या पाया पडला. शर्वरी मात्र वाकली ती उठेचना.

"आजोबा, तोरणाची टाचणी तुमच्या तळव्यात घुसलीय. रक्त येतंय."

"छे गं, मला काहीच टोचलं नाही," आजोबा हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला.

मेहुण्यांनी लगबगीने खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली.