ओवाळणीत डिबेट

गिरिजाने सत्यजितला ओवाळलं, पण ताट खाली ठेवलं नाही. तसंच त्याच्या पुढ्यात धरून ती उभी राहिली.

तिथी गुरुवारची होती. पण अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये भाऊबीज शनिवारीच उजाडते, आणि तीही आमदारसाहेबांना सवड असेल तर. सत्यजित मिशिगनच्या विधिमंडळात निवडून गेल्यापासून घरातले सगळे सण त्याच्या कॅलेंडरवर चालत. आजही त्याने भाचीच्या, रुहीच्या हातात आपला फोन दिला होता. बहिणीने ओवाळल्याचा व्हिडिओ मतदारांना फार आवडतो म्हणे.

ताट हलत नाही म्हटल्यावर त्याने हसून खिशात हात घातला.

“पाकीट नको,” गिरिजा म्हणाली. “मागेन ते देशील?”

“एनीथिंग, ताई! फक्त बिल सोडून.”

बिल म्हणजे त्याने विधिमंडळात मांडलेलं चार्टर शाळांचं विधेयक. ज्या सरकारी शाळांचा पट घसरला, त्यांच्या इमारती चार्टर चालवणाऱ्या खासगी संस्थांना द्यायच्या. पैसा सरकारचाच, कारभार संस्थेचा. सत्यजितला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. चार्टरच्या प्रवेशाच्या लॉटरीत मुलाचा नंबर लागला नाही म्हणून त्याच्या ऑफिसात येऊन आया रडून गेल्या होत्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण बिल पास झालं की सगळ्यात आधी जाणार होती गिरिजाची शाळा. ती तिथे चौथीला शिकवायची. वर्षाच्या मधेच येऊन दाखल होणारी, इंग्रजीचा गंध नसलेली, रात्रपाळी करणाऱ्या आईबापांची पोरं तिच्या वर्गात होती. त्यांच्यासाठी लॉटरीत नाव घालायला कुणाला फुरसत होती? ही मुलं कुठे जातील, हा एकच प्रश्न ती वर्षभर भावाला विचारत आली होती. फोनवर विचारला, जेवणाच्या टेबलावर विचारला. तो हसून तिच्या पाठीवर थाप मारायचा. पालकांसमोर येऊन बोल म्हटलं, तर म्हणायचा, डिबेट समोरच्या उमेदवाराशी करतात, आणि माझ्यासमोर उभं राहायला आहेच कोण? त्या थापेचा गिरिजाला मनस्वी राग होता. शिकवणाऱ्या बाईला लहान मुलासारखं गोंजारलेलं कसं चालेल?

“बिल नाही मागत,” ती म्हणाली. “डिबेट दे. माझ्या शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये, सगळ्या पालकांसमोर.”

“झालं! आई, हिने परत शाळा काढली बघ.”

आई, म्हणजे मालिनीबाई, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. लेकाच्या निवडणुकीचा बोर्ड त्यांच्या अंगणात उन्हापावसात तसाच रोवलेला होता. काढायचं नाव काढलं तरी त्यांना राग यायचा.

“गिरिजा, आजच्या दिवशी तरी नको गं.”

“भाऊबीजेला बहिणीने मागायचं नाही, तर कधी मागायचं?”

गिरिजा मुलीकडे वळली. “रुही, फोन ठेव. हे आपलं घरातलं आहे.”

रुहीने मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फोन ठेवला. आईचा असा आवाज तिला ओळखीचा होता. त्या आवाजापुढे चौथीचा अख्खा वर्ग बसायचा.

“ओके, ओके. दिली डिबेट,” सत्यजित म्हणाला. “पण कुणाशी करू यार? पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्रायमरीत माझ्या अगेन्स्ट कुणीच नाहीये. आण शोधून कुणीतरी, मी येतो. प्रॉमिस.”

“ताटाला हात लावून बोल.”

त्याने ताटाच्या कडेला हात लावला. निरांजनाची ज्योत हलली. गिरिजाने त्याच्याकडे पाहिलं. याला लहानपणी मफलर गुंडाळून, बोट धरून तिने, आता ती शिकवते त्याच शाळेच्या बसमध्ये चढवलं होतं. आता पुढचं वाक्य बोललं की परत असा हा पाटावर बसेल की नाही, कोण जाणे. तिला भीती वाटली. पण वर्षभराचा राग त्या भीतीला पुरून उरला.

“आणलंय शोधून. काल मी नाव नोंदवलं, सत्या. प्रायमरीत तुझ्यासमोर मी आहे.”

सत्यजित हसत राहिला, कारण हसू कसं थांबवायचं ते त्याला सुचेना. मग त्याचा चेहरा उतरला.

“ताई, आर यू सीरियस? लोक हसतील आपल्याला! सख्खे भाऊ-बहीण एकमेकांविरुद्ध? महाराष्ट्र मंडळात काय सांगू मी?”

“सांग, ताईला भाऊबीज दिली.”

“हे टू मच आहे!” तो आईकडे वळला. “आई, तू तरी सांग हिला. बिलावरचं मतदान महिन्याभरावर आलंय. तुझ्या अंगणात माझा बोर्ड आहे, तिचा नाही!”

मालिनीबाई पुढे आल्या. त्यांनी गिरिजाच्या हातातून ताट काढून घेतलं. गिरिजाने मान खाली घातली. आईने तरी दुसरं काय करायचं होतं? ताट आता देव्हाऱ्यापाशी जाणार, जेवणाची पानं मांडली जाणार, आणि हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

मालिनीबाईंनी निरांजनातली वात जराशी पुढे सारली. कुंकवात बोट बुडवलं.

“तुझं ओवाळून झालंय, सत्या,” त्या म्हणाल्या. “लढायला निघालेल्या लेकीलाही ओवाळूनच पाठवायचं असतं. ऊठ, पाट मोकळा कर.”