एकदाही न हरलेला

"या वेळी कुणाला मारलंस?" पोलीस चौकीचा उंबरठा ओलांडायच्या आतच सरांनी विचारलं.

कोपऱ्यातल्या बाकावर डावऱ्या बसला होता, मान खाली घालून. अंगात बॉक्सिंग हॉलचाच ट्रॅकसूट. उत्तर तो कधीच देत नसे. बोलायचं काम देवाने सरांच्याच गळ्यात घातलं होतं.

अकरा वाजता निवड चाचणीची लढत होती. जिंकला तर थेट देशाच्या संघाच्या शिबिरात. सरांच्या हॉलमधून आजवर एकही पोरगा तिथवर पोचला नव्हता. हॉल म्हणजे तरी काय, गळका पत्रा, उसवलेली पोती आणि शिवून शिवून जाड झालेले ग्लोव्हज. अशा ठिकाणी हा डावा हात आला होता. तो सुटला की समोरच्याला जमिनीवर पडल्यावरच कळायचं. हॉलमध्ये, आसपासच्या लहानसहान स्पर्धांत, डावऱ्या एकदाही हरला नव्हता. पण मोठी लढत आली रे आली, की याने माती खाल्लीच म्हणून समजा. गेल्या वर्षी चौकीत. त्याच्या आदल्या वर्षीही चौकीत. दोन्ही वेळा फोन आला तो दुपारी, समोरच्याला न लढताच विजयी ठरवल्यावर. दोन्ही वेळा सर इथे आले, आल्याआल्या तोंडाचा पट्टा सोडला, दाखवतील तिथे सही केली आणि याला कॉलर धरून घरी नेऊन आदळलं. यंदा निवड समितीच्या साहेबांपुढे त्यांनी अक्षरशः नाक घासलं होतं. "ही शेवटची संधी," साहेब म्हणाले होते. आणि हा पठ्ठ्या सकाळी सकाळी पुन्हा इथेच!

"अरे, मी तुझं काय घोडं मारलंय, ते तरी सांग! हातातोंडाशी आलेला घास आणि तू ताटालाच लाथ मारतोस? पालथ्या घड्यावर पाणी ओतलं मी इतकी वर्षं! दुसऱ्या कुणाला हा हात मिळाला असता ना, तर..."

"सर, जरा दम घ्या," टेबलामागून हवालदारबाई म्हणाल्या. "त्याने कुणाला बोटही लावलेलं नाही."

"मग? दारू?"

"छे हो! आला, आमच्या दाराच्या काचेवर एक ठोसा घातला आणि आत येऊन बसला. मागच्या दोन्ही खेपांना हेच. मला म्हणतो, दुपारपर्यंत आत ठेवा, तोवर कुणाला कळवू नका. मी म्हटलं, लॉज आहे का हे? आता तुमचा नंबर आहेच आमच्याकडे, लावला फोन. तेव्हाही सांगणार होते मी, पण तुम्ही कुणाला बोलू द्याल तर ना!" त्या थांबल्या. "आणि काच उजव्या हाताने फोडतो बरं का. डाव्याला जपतो."

सर डावऱ्याशेजारी बाकावर मटकन बसले. त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. रुमालावर रक्त होतं, पण थोडंच.

"का रे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते.

डावऱ्याने रुमालाची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना सांगता, याला हरवणारा अजून जन्माला यायचाय."

"मग? खोटं आहे का?"

"आणि तो आज तिथे भेटला तर?"

सर त्याच्याकडे वळले.

"इथे बसलो की लोक म्हणतात, गेला असता तर जिंकलाच असता," डावऱ्या म्हणाला. "आई तेच म्हणते. तुम्हीही तेच म्हणता, सर. शिव्या घालता, पण म्हणता तेच."

सरांचा हात शिवशिवला. एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं. एवढा आडदांड गडी, आणि या एवढ्याशा भीतीपायी त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते! वेड्या, तुला कोण हरवणार, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. रोज सकाळी ते हेच म्हणत आले होते, आया पोरांना दूध पाजतात तसं, न चुकता. त्यांनी तोंड मिटलं.

बाहेर रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. लढतीला अजून वेळ होता.

"हरशील," सर म्हणाले.

डावऱ्याने मान वर केली.

"आज तू हरणार. समोरचा तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, महिनोन् महिने घाम गाळतोय, आणि तू इथे काचा फोडत बसलायस. तिसऱ्या फेरीत तुझा दम संपेल. तो तुझं नाक फोडेल. चारचौघांत हरशील, सगळे बघतील. माझं तोंडही तेव्हा बघण्यासारखं होईल. मग घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. आणि उद्या सकाळी हॉलवर नाही आलास ना, तर तंगडं मोडून हातात देईन." सर गुडघ्यावर हात टेकत उठले. "चल. हरून येऊ."

हवालदारबाई लिहायच्या थांबल्या.

"नक्की हरणार ना, सर?" डावऱ्याने विचारलं, आणि सरांच्या आधी तो दाराबाहेर पडला.