कॅप्सूलवर अंगठा

वडिलांनी कॅप्सूल तळहातावर घेतली, नेहमीसारखा तिच्यावर अंगठा टेकवला, डोळे मिटले आणि मग ती पाण्याबरोबर गिळली. "बुरशी मानवली हं मला," ते म्हणाले. "तीन किलो वाढलो."

मुलगी समोर बसून आपलं ताट बघत राहिली.

वडिलांनी तीस वर्षं कत्तलखान्यात डुकरं कापली. निवृत्त झाले त्या दिवशी गमबूट धुऊन टाकून दिले आणि मांसाला पुन्हा शिवले नाहीत. शेजारी हसले. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, म्हणाले. पुढे स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालं आणि खाल्लेलं अंगी लागेना. डॉक्टरांनी दोन औषधं सांगितली. एक बुरशीपासून केलेलं, सौम्य. दुसरं डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेलं, जोरकस. वडिलांनी ऐकताक्षणी पहिलं निवडलं. महिन्याभरात त्यांचं वजन बेचाळीसवर आलं.

मग मुलीने दुसरं औषध आणलं आणि पहिल्याच्या बाटलीत भरून ठेवलं. वजन वाढू लागलं. तिला ना आनंद झाला ना पश्चात्ताप. दाढ काढताना हिरडी बधिर होते, तसं तिचं मन झालं होतं. रोज काट्यावरचा आकडा बघायचा आणि कामावर जायचं, एवढंच तिला जमत होतं.

आज मात्र तो बुरशी शब्द तिला सहन झाला नाही.

"बाबा, ती बुरशी नाही. डुकराची आहे. तीन महिने तुम्हाला तीच देतेय."

वडिलांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"माहीत आहे. तो अवयव मीच काढून बर्फाच्या डब्यात टाकायचो. औषधाच्या कारखान्याची गाडी यायची न्यायला. बाटली उघडली की तोच वास येतो."

"मग घेतलीत कशाला?"

"पहिल्या दोन बेसिनमध्ये टाकल्या. तिसऱ्या दिवशी तू वजनाच्या रिकाम्या काट्यासमोर उभी होतीस, मी त्यावर नसताना. किती वेळ उभी होतीस. मग गिळली." त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्या डुकरांचं वाईट वाटतंच. पण तुला तसं बघवलं नाही."

मुलीने एवढंच विचारलं, "आणि अंगठा? मला वाटायचं, देवाचं नाव घेता."

"छे. तिथली सवय. मारायच्या आधी डुकराच्या कपाळावर अंगठा टेकवून जागा धरायची, नेम चुकू नये म्हणून. जनावर क्षणभर शांत व्हायचं. पण मागे रांग असायची, लगेच उचलावा लागायचा."

त्यांनी आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं.

"आता जरा वेळ ठेवता येतो."